चाल कुणाची

दातांच्या त्या लॅबमध्ये ताईंना घाई करायची कुणाची टाप नव्हती. एखादा दंतवैद्य फोनवर अजीजीने सांगायचा, "ताई, पेशंटच्या मुलीचं लग्न आहे, कवळी उद्याच हवी." ताई शांतपणे विचारायच्या, "लग्नाची तारीख काल ठरली का?" आणि फोन ठेवून पुन्हा मेणाच्या हिरडीत दात रोवायला लागायच्या. प्लॅस्टर त्याच्या वेळेत घट्ट होतं, मेण त्याच्या वेळेत गार होतं, आणि या दोघांच्या मध्ये पडणाऱ्या माणसाची कवळी जेवताना ताटात पडते, असा ताईंचा पंचवीस वर्षांचा अनुभव होता. कवळी मिळायची ती चौथ्या दिवशी. पण ती अशी बसायची की म्हातारी माणसं पहिल्याच संध्याकाळी सफरचंद मागून घ्यायची.

लॅब दुसऱ्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान. खिडकीपाशी एक लांब टेबल, त्यावर पांढऱ्या जबड्यांच्या रांगा, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने लिहिलेलं पेशंटचं नाव. टेबलाच्या एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला रंगवाली. रंगवाली म्हणजे दातांचा रंग जुळवणारी ताईंची सहकारी. समोरच्याचे दात पिवळसर की राखाडी हे ती त्याने नुसतं "नमस्कार" म्हटलं तरी सांगायची. आणि हात धुवायच्या सिंकवर, जिथे दुसऱ्या कुणी कॅलेंडर लावलं असतं, तिथे काचेच्या चौकटीत एक छापील कार्ड.

त्या कार्डाची हकिगत सांगितल्याशिवाय ताई कळायच्या नाहीत. ताईंना एकच वेड होतं आणि ते कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचं. खेळाचं नाव 'बुरूज'. दोन राजे, मध्ये नदी, एकेका चालीने तटबंदी बांधायची, पूल टाकायचे, दूत पाठवायचे आणि सवड झाली तर लढायचं. या बुरूजचे चार भाग निघाले होते आणि चारही ताईंनी निघाल्या आठवड्यात घेतले होते. तिसऱ्या भागात राजा जिंकला की तोंडभर हसायचा. सगळ्या जगाने ते हसू पाहिलं आणि सोडून दिलं. ताईंनी दात मोजले. वरच्या जबड्यात अठरा निघाले. माणसाला तिथे सोळाच असतात, मग तो राजा का असेना. ताईंनी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं, सोबत जबड्याचं चित्र काढून दिलं. दोन महिन्यांनी खेळाची सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात राजा सोळा दातांनी हसत होता, आणि टपालाने हे कार्ड आलं: "आमच्या राजाच्या दोन दातांबद्दल आभारी आहोत." त्या दिवशी ताईंनी लॅबमधल्या सगळ्यांना, म्हणजे रंगवालीला, आइस्क्रीम दिलं होतं.

पण खेळ म्हटला तर खेळणारं दुसरं कुणी लागतं. ते होते ताईंचे थोरले बंधू. दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामात, सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात. पहिला बुरूज घरात आला तेव्हा हे दोघं एकाच कॉम्प्युटरवर एकाच खुर्चीत अर्धे अर्धे बसून खेळायचे. वयं एकोणीस आणि तेवीस, भांडणं मात्र पाच आणि नऊ वर्षांची. "माझी चाल होती", "तू मध्येच माउस हलवलास", असं रोज. शेवटी आईने कायदा केला. ज्याची चाल संपेल त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर करायचे आणि मोठ्याने म्हणायचं, "हात वर." ते ऐकू आल्याशिवाय दुसऱ्याने माउसला बोट लावायचं नाही. आई स्वयंपाकघरातून कान देऊन असायची. बाहेरून कुणी आलं तर त्याला हमखास वाटायचं की या घरात दरोडा पडलाय.

दादा नोकरीसाठी गेला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आई गेली, पण कायदा टिकला. आता चालीची फाइल ईमेलने जायची. ताई सकाळी साडेसहाला चहाबरोबर आपली चाल करायच्या आणि फाइल पाठवताना खाली दोनच शब्द लिहायच्या: हात वर. दादा दुपारी डबा खाल्ल्यावर कुठल्यातरी इमारतीच्या लिफ्टच्या मशीनघरात बसून फाइल उघडायचा, आपली चाल करायचा आणि लिहायचा: हात वर. एकोणीस वर्षं. दोघांनाही फोनवर बोलता येत नसे. म्हणजे जेवलास का, जेवलो, तू जेवलीस का, जेवले, की संपलं. पण चाल आली की ताईंना कळायचं की दादा बरा आहे, कामावर गेलाय. चाल भलतीच धडाकेबाज असली तर वहिनी माहेरी गेलेली असायची. चाल घाबरट असली तर भाचीची परीक्षा. चार वर्षांत दोघांची भेट नव्हती आणि दोघांनाही तसं जाणवलंसुद्धा नव्हतं, कारण रोज एकमेकांच्या तटबंदीला धडका मारणं चालूच होतं.

अशा सुखात माती कालवायला एका सकाळी बातमी आली. बुरूजचा पाचवा भाग येतोय, फोनवर चालणार, आणि फुकट.

रंगवालीने ती मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. तिला वाटलं ताई पुन्हा आइस्क्रीम देतील. ताईंनी हातातली कवळी खाली ठेवली.

"फुकट म्हणजे?"

"म्हणजे घ्यायला काहीच नाही लागत. आत माणकं असतात. तट बांधायला आठ तास लागणार असतील आणि तुम्हाला थांबायचं नसेल तर माणकं विकत घ्यायची. की तट लगेच तयार."

"आणि मला थांबायचंच असेल तर?"

रंगवालीने बातमी पुन्हा वरून खाली वाचली. ताईंनी कवळी पुन्हा उचलली आणि पॉलिशच्या चाकाला जरा जास्तच जोराने लावली. "उद्या आपण कवळी फुकट द्यायची आणि चावायचे पैसे घ्यायचे."

"लोक देतील, ताई."

"देतील ना. तेच तर म्हणते मी."

आठवडाभर ताईंचं डोकं त्याच चाकावर फिरत राहिलं. खोका विकत घेतला की व्यवहार संपतो, दुकानदाराला पुन्हा आपलं तोंड बघायची गरज नसते, असं त्यांचं म्हणणं. फुकट देणाऱ्याला मात्र आपण रोज दारात यायला हवे असतो, आणि तेही जरा अस्वस्थ होऊन. शिवाय खोका फडताळात राहतो. चारही भागांचे खोके घरी कपाटात उभे होते, जाडजूड माहितीपुस्तकांसकट. पाचवा उभा कुठे करायचा? उद्या कंपनीने दिवा मालवला की सगळा अंधार. ताईंनी कंपनीला सहा पानी पत्र लिहायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर असताना दादाचा फोन आला. फोन आला म्हणजे काहीतरी बिघडलंय हे त्यांना घंटीवरूनच कळलं.

"चिमे, कॉम्प्युटर गेला," दादा म्हणाला. "आतून जळलाय. नवीन घेतला तर आपला चौथा भाग त्याच्यावर चालतच नाही म्हणे. मी विचारून आलो तीन दुकानांत."

"मग?"

"मग पाचवा खेळू. फोनवर आहे, फुकट आहे. उद्यापासून सुरू करू."

इथे ताईंनी "बरं" म्हटलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पण आठवडाभराची वाफ कोंडलेली. त्या म्हणाल्या, "तुला फुकटचं पहिल्यापासून गोड लागतं." दादा म्हणाला, "आणि तुला जुन्याचा पुळका. दुसऱ्यांच्या कवळ्या करता करता तूच एक कवळी झालीयस, पाण्याच्या वाटीत ठेवलेली." दोन्ही बाजूंनी फोन एकदमच आपटले गेले. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत, हीसुद्धा ताईंची एक तक्रार होतीच.

पण रात्री त्यांनी हिशेब केला. खेळ गेला तर दादाचे दुपारचे ते दोन शब्दही जाणार. मग काय, जेवलास का, जेवलीस का? सकाळी साडेसहाला ताईंनी नाक मुरडत, बोटाच्या टोकाने, फोनवर पाचवा बुरूज उतरवून घेतला. सुरुवातीलाच राजा हसला. ताईंनी दात मोजले. सोळा. तेवढ्यावर त्या थोड्या निवळल्या.

नदीच्या एका काठाला ताईंचं गाव, पार दुसऱ्या टोकाला दादाचं. तोही आला होता, त्याचा झेंडा दिसत होता. ताईंनी आपली पहिली चाल केली, उत्तरेचा तट बांधायला घेतला. माणकांची खिडकी चारदा पुढे आली, ताईंनी ती चारदा मिटवली. मग दूत पाठवायचं पान उघडलं. घोडेस्वार दूत, त्याला माणकं. पायी दूत, फुकट. चारही भागांत पायी दूतच पाठवायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं. तोही त्याच चालीत पोचायचा, घोडा नुसता नवशिक्यांना मिरवायला. खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. सव्वीस वर्षं खेळलेल्या माणसाने काय ते वाचायचं? त्यांनी दूताच्या हाती दोन शब्द दिले, हात वर, आणि फोन ठेवून लॅबला गेल्या.

दुपारी दादाची चाल आली नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही.

"रागावला असेल," रंगवाली म्हणाली. "तुम्ही काहीतरी करा ना पुढचं."

"हात वर केलेत मी. आता चाल त्याची."

"मग फोन करा."

"चाल त्याची आहे म्हटलं ना."

चौथ्या दिवशी ताईंनी एका पेशंटच्या खालच्या जबड्यात वरचे दात लावले. असं त्यांच्या हातून एकदाही झालं नव्हतं. रंगवालीने ते बघितलं आणि मेण गरम करून दिलं. सहाव्या दिवशी ताईंनी स्वतःहून विषय काढला. "एवढी वर्षं झाली, आजारी असताना पण चाल पाठवली त्याने. हाताला प्लॅस्टर होतं तेव्हा डाव्या हाताने पाठवली." मग त्यांनी चाक सुरू केलं. "मी बोलायला नको होतं तसं," त्या चाकाच्या आवाजातच म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटत होतं. फोन हातात घेऊन त्या दिवसातून दहा वेळा दादाचं नाव काढायच्या आणि परत खिशात टाकायच्या. आईचा कायदा मोडायचा म्हणजे आईलाच मोडीत काढल्यासारखं, आणि शिवाय, खरं सांगायचं तर, हट्ट. तो या घराण्यात भरपूर होता.

नवव्या दिवशी, अकराच्या सुमाराला, ताई एक कवळी उजेडात धरून तिची चमक बघत होत्या. जिन्यावर पावलं वाजली. लिफ्टवाला माणूस दोन मजले चढून दमला होता. खांद्याला कामाचीच पिशवी, केस चार वर्षांत पांढरे झालेले, आणि चेहरा असा की भांडायला आलाय की भेटायला हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

"बरी आहेस ना?" दादा दारातूनच म्हणाला.

"मी? मला काय झालंय?"

"मग चाल का करत नाहीयेस? नऊ दिवस वाट बघतोय. रात्री डोळ्याला डोळा नाही. आज सुट्टी टाकून पहिल्या बसने निघालो."

"मी का करू? मी पहिल्याच दिवशी केली. तुझी चाल आहे."

"माझी? मी सकाळी सव्वासहाला केली आणि हात वर म्हणून कळवलंय."

"कुठे कळवलंयस?"

"दूत पाठवला ना. पायी."

रंगवालीने दोघांचे फोन मागून घेतले, शेजारी शेजारी ठेवले आणि दूतांचं पान उघडून बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. पायी दूत: पोचायला अकरा दिवस.

"आणि आणखी एक," ती हळूच म्हणाली. "या भागात चाली नसतातच. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने खेळायचं. सगळे एकदमच खेळतात."

"एकदम?" दादा म्हणाला.

"मग भांडणं नाही होत?" ताई म्हणाल्या.

रंगवालीने नकाशा बोटांनी मोठा केला. नदीच्या मधोमध एक लांब दगडी पूल होता, आणि पुलाच्या अलीकडच्या टोकाला एक ठिपक्याएवढा माणूस काठी टेकत निघाला होता, पलीकडच्या टोकाने दुसरा. एकाच्या पिशवीत ताईंचे दोन शब्द, दुसऱ्याच्या पिशवीत दादाचे. दुसऱ्याच दिवशी ते पुलावर समोरासमोर आले असते, पण वाटेत नदीला पूर होता म्हणून दोघेही सात दिवस आपापल्या काठावर थांबले होते, असं खेळ सांगत होता. ती थांबण्याची मुदतही अकरा दिवसांतच धरलेली होती. तिघंही टेबलावर ओणवी होऊन बघत राहिली. मध्यावर दोन ठिपके एकमेकांपाशी आले, क्षणभर एक झाले आणि पुढे निघून गेले.

"रामराम तरी करायचा," दादा म्हणाला.

आधी ताईंना हसू फुटलं. मग दादाला. कवळी ताईंच्या हातातच होती, ती त्यांच्या हसण्याबरोबर हलायला लागली, आणि ते बघून रंगवाली खुर्चीत बसली ती पोट धरूनच. एक दंतवैद्य त्याच वेळी फोन करत होता. त्याला पलीकडून फक्त हसणं ऐकू आलं आणि त्याने घाबरून फोन ठेवून दिला. दादाने डोळे पुसले. "नऊ दिवस, चिमे. मला वाटलं तू मला टाकलंस." ताई म्हणाल्या, "मला वाटलं तूच आजारी आहेस आणि सांगत नाहीयेस." फोनवर त्यांना एकोणीस वर्षांत एवढंसुद्धा बोलता आलं नव्हतं.

"माणकं घेतली तर दूत आत्ता पोचतील," रंगवाली म्हणाली. "अगदी थोडीशी लागतील."

दोघा भावंडांनी तिच्याकडे एकाच वेळी, एकाच नजरेने पाहिलं. तिने फोन खाली ठेवला.

"किती राहिलेत?" दादाने विचारलं.

"दोन दिवस."

"मग राहतो दोन दिवस." त्याने तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि कुठल्या लिफ्टला काय झालंय ते कुणालातरी समजावून सांगितलं. मग पिशवी टेबलाखाली सरकवली.

ते दोन दिवस ताईंच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. दादा लॅबमध्ये एका स्टुलावर बसून राहिला. पॉलिशचं चाक कुरकुरतं म्हणून त्याने ते उघडलं, तेल घातलं आणि इतकं हलकं करून दिलं की ताईंना पहिल्यांदा भीतीच वाटली. सिंकवरचं कार्ड त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "हे तू मला कधी दाखवलं नाहीस." ताई म्हणाल्या, "फाइलला चिकटवता येत नव्हतं." घरी त्याने कपाटातले चारही खोके काढले आणि पहिल्या भागाच्या माहितीपुस्तकात आईच्या हातच्या हळदीचा डाग सापडल्यावर दोघंही ते एकच पान घेऊन बसली. पाचव्या भागाबद्दलचा ताईंचा संशय काही गेला नाही. सहा पानी पत्र त्यांनी आठ पानी केलं, आणि शेवटची दोन पानं दादाने सांगितली. मात्र चालीचं दोघांनी ठरवून टाकलं: कंपनी काहीही म्हणो, सम तारखेला ताईंची, विषम तारखेला दादाची. निरोप ईमेलने.

"कंपनी असं खेळू देईल का?" ताईंनी विचारलं.

"कंपनीला काय कळणार? आपण नुसते थांबलेलो असणार."

अकराव्या दिवशी सकाळी ताईंनी चहाचं आधण ठेवलं. दोन्ही फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नकाशा उघडून. एक ठिपका ताईंच्या वेशीपाशी पोचला होता, दुसरा दादाच्या. दादा घड्याळाकडे बघत होता. त्याची बस नऊची होती आणि त्याने पिशवी भरून दाराशी ठेवली होती. आपल्याला तो जायला नको आहे हे ताईंना अगदी स्पष्ट कळत होतं, आणि आता ते त्यांनी सरळ सांगितलंही. दादा म्हणाला, "पुढच्या महिन्यात तू ये. चाक मी सुधारलंय, आता माझ्याकडचा नळ तू बघ."

"मला नळातलं काय कळतं?"

"मग नुसती ये."

ज्या वाट बघण्याची कंपनी किंमत लावून बसली होती, ती या दोघांनी एक दमडी न देता पुरेपूर वापरून घेतली होती.

दोन्ही फोन एकाच वेळी वाजले. दोन्ही दूतांनी दोन्ही दरवाज्यांत आपापली पिशवी उघडली आणि दोन्ही पडद्यांवर तेच दोन शब्द आले. दादाने ताईंकडे पाहिलं. ताईंनी दादाकडे. मग एक लिफ्ट दुरुस्त करणारा पन्नाशीचा माणूस आणि एक कवळ्या करणारी बाई, दोघांनीही आपले दोन्ही हात डोक्याच्या वर केले, आणि मोठ्याने, पूर्वी स्वयंपाकघरात आईला ऐकू जायचं तसं म्हणाले, "हात वर."

चहा उतू चालला होता. पण हात कुणी आधी खाली घ्यायचे हे आईने कधी सांगितलं नव्हतं, म्हणून दोघंही तशीच हसत बसून राहिली.